पिशवीत काय होतं, श्री

तुझ्या अंत्यविधीला बासरी लावली होती रे. कुणाच्या तरी फोनवरून, मागे, हळू आवाजात. मला एवढा संताप आला की रडू यायचंच राहिलं. 'सीनच्या मागे म्युझिक लावलं की समजायचं, डायरेक्टरचा स्वतःच्या माणसांवर भरवसा नाही,' असं ज्याने माझं डोकं खाऊन खाऊन सांगितलं, त्याच्याच शेवटाला बासरी! पण वहिनींना कोण सांगणार? त्या बिचाऱ्या उभ्या होत्या हेच खूप होतं. मग लोक बोलायला उठले. श्रीधर हसतमुख होता, श्रीधर मनमिळाऊ होता, श्रीधरने कधी कुणाचं मन दुखवलं नाही. मी तुझ्या लेकीकडे बघितलं, तन्वीने माझ्याकडे. तू आणि मनमिळाऊ! माझ्याशी भांडल्याशिवाय तुझा एक रविवार गेला असेल तर शपथ. बाहेर पुढच्या अंत्यविधीची मंडळी काळे कोट घालून ताटकळत होती, म्हणून आम्हाला जरा घाईनेच बाजूच्या दाराने काढलं. ते मात्र तुला आवडलं असतं. तू कॅमेरा त्या थांबलेल्या लोकांकडेच वळवला असतास.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ड्युटीवर असते तोवर बरं, कामच चालायचं आहे. घरी आले की ओटा पुसते, परत पुसते, खिडकीशी जाते, कशाला आले ते विसरते. हेसुद्धा ओट्याशी उभी राहूनच लिहितेय. मला तुझी आठवण येते असं लिहायला घेतलं होतं, पण खरं सांगू? मला तुझा राग येतोय. भांडण अर्धवट टाकून कुणी जातं का?

आपली ओळखच भांडणातून झाली. मी एअरपोर्टवर पॅसेंजर असिस्टन्सला. म्हातारी माणसं विमानाच्या दारातून व्हीलचेअरवर घ्यायची आणि बाहेर त्यांच्या माणसांच्या ताब्यात द्यायची. तुझी आई नागपूरहून आली होती. मी मराठी बोलले तशी तिने माझा हात जो धरला तो सोडेचना. 'माझा पोरगा येऊन राहिला बाहेर,' म्हणत होती. बाहेर कुणीच नाही! बऱ्याच वेळाने तू धावत आलास, गळ्यात कॅमेरा, शर्टाची बटणं खालीवर. मी अशी तडकले की शेजारचे टॅक्सीवाले बघायला लागले. सत्तरीच्या आईला असं ताटकळत ठेवतात का, लाज नाही वाटत का, वगैरे सगळं. आणि तू लाजायचं सोडून माझ्याकडे बघत राहिलास, दुकानात एखादी वस्तू आवडावी तसा. मग म्हणालास, 'बाई, तुम्ही परत एकदा अस्संच ओरडाल का?'

मला वाटलं, गेली केस. तुझी आई माझा हात थोपटत म्हणाली, 'तो असाच आहे वो.'

आठवडाभर बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचास आणि रविवारी कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत पडदा लावून जुने इंग्लिश पिक्चर दाखवायचास. ओरडण्याची भरपाई म्हणून मला बोलावलंस. मला वाटलं राजवाडे, टोप्या, हिरवळ असं काहीतरी असेल. निघालं काय, तर काळंपांढरं गिरणीचं गाव, एकाला एक चिकटलेली विटांची घरं, स्वयंपाकघराच्या टेबलाशी भांडणारे नवराबायको. पुढच्या रविवारी कौन्सिलच्या, म्हणजे सरकारी भाड्याच्या इमारती आणि बंद पडलेला कारखाना. त्याच्या पुढच्या रविवारी नोकरीच्या ऑफिसात आपला नंबर यायची वाट बघणारा बाप. गाणं नाही, हिरो म्हणावा असा कुणी नाही, लाइट म्हणजे खिडकीतून येईल तेवढा. अर्ध्या जणांचं इंग्लिश तर खुद्द इंग्लिश लोकांना कळू नये असलं. मी म्हटलं, 'श्री, दिवसभर मी हेच बघते रे. सुट्टीच्या दिवशी पण हेच?' तू म्हणालास, 'म्हणूनच तर तुला बोलावलं. बाकीच्यांना मला समजावून सांगावं लागते.'

तुझं ते वेड कुठून आलं ते तू खूप नंतर सांगितलंस. इथे विलायतेत आल्याआल्या हाउन्सलो वेस्टला भाड्याची खोली, भिंतीला ओल, वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी. तुला वाटायचं, आपलंच नशीब फुटकं, बाकी सगळं विलायत चकचकीत असणार. मग लायब्ररीतून एक डीव्हीडी आणलीस, आणि त्यातल्या गोऱ्या बाईच्या भिंतीला तशीच ओल, तोच काळा कोपरा. 'मला एवढा आनंद झाला ना वैशाली त्या दिवशी! यांच्याकडे पण भिंतीला ओल येते हे मला नागपुरात कोणी सांगितलंच नव्हतं.' आणि तू म्हणायचास, आपल्याच घरातली ओल आपणच पाहुण्यांना दाखवायची याला छाती लागते. या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या दाखवली, घरातल्यांच्या शिव्या खात दाखवली. ते मला पटायचं. तुला कधी बोलले नाही, पण पटायचं.

पण एक गोष्ट पटायची नाही आणि त्यावरूनच आपण भांडायचो. त्या एका जुन्या पिक्चरमध्ये नायक चिडून फुटपाथवरून चाललेला असतो आणि त्याच्या मागून एक बाई जाते. साडीवर जाड कोट, हातात पिशवी. इकडून आली, तिकडे गेली, संपलं. तू दर वेळी तिथे पिक्चर थांबवायचास. 'ही बघ. ही आपली. ही पण त्याच गावात, त्याच गिरणीत असेल. हिचा पिक्चर कुठाय?' आणि मग सुरू व्हायचास. ही शिफ्ट संपवून चालली असेल, थंडीने पाय फुटले असतील, घरी कुणी बोलायला नसेल, कामावर कुणी काहीतरी लागट बोललं असेल. एके रविवारी मी म्हटलं, 'बास कर! तिच्या पिशवीत काय आहे तुला माहितीये का? त्या काळात कुठेतरी कोथिंबिरीची जुडी मिळाली असेल तिला. बाई खुशीत असेल. घरी जाऊन वड्या तळणार असेल.'

तू म्हणालास, 'सांबारवडी.'

'आम्ही सांगलीत कोथिंबीरवडी म्हणतो, आणि तुमच्यासारखं तिला बेसनाचं पांघरूण घालून तळत नाही.'

'मग तुला वडी येतच नाही,' तू म्हणालास. शेवटच्या रांगेत डेरेक त्याचे क्रिस्प्स खात बसलेला. यॉर्कशरचा, रिटायर्ड बसड्रायव्हर, दर रविवारी न चुकता यायचा आणि जन्मात बोलायचा नाही. त्या दिवशी तोही हसला.

मला खरंच सांग, तुझ्या त्या पिक्चरांत गरीब माणूस पोट धरून का हसत नाही? आमच्या स्टाफरूममध्ये ये म्हणायचे मी तुला. ड्युटीचा रोटा बदलला म्हणून शिव्यांची लाखोली वाहणाऱ्या बायका दुसऱ्या मिनिटाला एकमेकींच्या डब्यांवर तुटून पडतात. ते खोटं का? तू म्हणायचास, हसणं मी पण दाखवणार, पण शेवट गोड केला की बघणारा सुटतो; घरी जाऊन झोपतो. मी म्हणायचे, मग त्याची झोप उडवायला त्या बाईचा बळी कशाला? आणि मध्येच डोक्यावरून विमान जायचं. एअरपोर्टला लागून असलेल्या हाउन्सलोत कुणाचं वाक्य सलग पुरं होतच नाही. विमान आलं की थांबायचं, गेलं की जिथे तुटलं तिथून सुरू. पाहुण्यांना वाटतं आम्ही फार विचार करून बोलतो. तू तर तोंड उघडं ठेवून थांबायचास, म्हणजे पुढचा शब्द माझा नाही हे मला कळावं.

मग त्या बाईचा पिक्चर काढायचं तू ठरवलंस. आजच्या काळातली, आजच्या हाउन्सलोतली, एअरपोर्टवर व्हीलचेअर ढकलणारी मंदा. आणि मंदा कोण, तर मी. मला अॅक्टिंग येत नाही म्हटलं तर म्हणालास, येत असती तर घेतलंच नसतं. माझा सुपरवायझर म्हणून डेरेकला धरलंस. कॅमेरा तन्वीकडे, ती इथली, फिल्म शिकलेली, मराठी बोलताना अडखळणारी पण बापाचा शब्द नजरेने ओळखणारी.

तुझी ती पद्धत! कथा कुणाला सांगायची नाही. पहिल्यापासून क्रमाने शूट करायचं आणि ज्याचं त्याला, त्या त्या दिवसापुरतं, कानात. त्या इंग्लिश पिक्चरवाल्यांनीच शिकवली तुला ती. माणसाला पुढचं माहीत नसेल तर चेहरा खोटं बोलत नाही, म्हणायचास. पहिल्याच दिवशी मला सांगितलंस, 'आत जा आणि चहा कर.' आणि डेरेकला माझ्यामागे सांगून ठेवलेलं, की ही आली की उशीर झाला म्हणून सगळ्यांदेखत झाड. मला काय माहीत? तो सहा फुटी माणूस माझ्यावर असा गरजला, की मी पिक्चरबिक्चर विसरले आणि त्याला सांगलीच्या भाषेत असा सोलून काढला, की तन्वी कॅमेऱ्यासकट मागे सरकली. नंतर मी कानकोंडी झाले. तू मात्र खुर्चीत बसून, अगदी समाधानाने, 'झालं' म्हणालास.

तू कधी 'कट' म्हणाला नाहीस. कुणाला तोडल्यासारखं वाटतं म्हणायचास. 'झालं' एवढंच, जेवण आटोपल्यावर म्हणावं तसं. डेरेकसुद्धा शिकला होता. चहा संपला की कप ठेवून म्हणायचा, 'झालं.'

तीन हिवाळे आपण सुट्टीच्या दिवशी तो पिक्चर करत होतो. शेवटी मंदाविरुद्ध तक्रार होते: एका आजोबांना गेटवर सोडायचं टाकून ती एका घाबरलेल्या बाईपाशी थांबते, आजोबांचं विमान चुकतं. आणि एकच सीन उरला. सुपरवायझर मंदाला स्टाफरूममध्ये बोलावतो.

त्या गुरुवारी संध्याकाळी हाय स्ट्रीटच्या बसस्टॉपवर मी तुला धरलं. 'मंदाला काढणार ना तू कामावरून?'

'रविवारी ये, कळेल.'

'मला आत्ता कळायला हवं. मी रोज ते काम करते, श्री. माझ्याबरोबरच्या बायका तो पिक्चर बघणार आहेत. त्यांनी काय बघायचं, स्वतःला हाकलताना?'

'तू चिडून कायले राहिली?'

'कारण तुला माणसं हरलेलीच आवडतात. हरली की मगच तुला ती खरी वाटतात.'

हे तुला लागलं. मला दिसलं लागलेलं. तू तोंड उघडलंस आणि विमान आलं. तू नेहमीसारखा थांबलास, तोंड उघडं ठेवून, बोट वर करून. विमान जायच्या आत माझी बस आली आणि मी रागाने चढले. काचेतून बघितलं तर तू तसाच उभा होतास.

शनिवारी सकाळी तन्वीचा फोन आला. हार्ट अटॅक, झोपेत. ती एवढंच म्हणत होती, 'मावशी, बाबा उठत नाही. बाबा उठत नाही.'

तू काय बोलणार होतास रे? या एका प्रश्नाने माझं डोकं पोखरून काढलं. ड्युटीवर म्हाताऱ्यांना ढकलताना तेच, ओटा पुसताना तेच. तू पटलं म्हणणार होतास, की मला अक्कल नाही म्हणणार होतास? दोन्ही चाललं असतं. नुसतं बोलायला हवं होतंस.

मग तन्वी आली. डोळे सुजलेले, पण हनुवटी तुझ्यासारखी पुढे. 'मावशी, लास्ट सीन राहिला आहे. बाबाचा फिल्म असा ठेवायचा नाही मला.' मी म्हटलं, अगं पण शेवट कुणाला माहितीये? तुझी पद्धत आठवली आणि आम्ही दोघींनी एकदमच म्हटलं: डेरेक.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मानेनेच नाही म्हणाला. मला माहीत आहे, म्हणाला, पण मी श्रीला शब्द दिलाय. मी विनवलं, मी चिडले, शेवटी मी रडले. तो रुमाल देतो, पण सांगत नाही! 'यू टर्न अप, लव्ह,' तू नुसती ये, एवढंच. तू बरोबर माणसं निवडलीस बाबा.

जाऊ की नको, मला ठरवता येईना. न जावं तर तन्वीचा जीव त्यात अडकलेला. जावं तर डेरेक तोंड उघडणार, मंदाला हाकलणार, आणि तुझं शेवटचं म्हणणं माझ्यावर हरल्याचा शिक्का मारून जाणार. मी उलट बोलायचं तर तू समोर नाहीस. हे मला सोसवणार नव्हतं. शूटिंग रविवारी ठरलं होतं. आदल्या शनिवारी दुपारी भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या जुड्या घेतल्या तेव्हा मला कळलं की मी जाणार आहे. शेवटच्या दिवशी सांबारवडी आणायचं मी तुला कबूल केलं होतं. तुमच्या पद्धतीची, पांघरूण घातलेली.

कम्युनिटी सेंटरचं किचन, म्हणजे आपल्या पिक्चरमधली तीच स्टाफरूम. तुझी खुर्ची तन्वीने हलवली नव्हती. मी युनिफॉर्म घालून आत गेले. डेरेक टेबलाशी बसलेला, पुढे दोन कप. मी बसले. त्याने एक कप माझ्याकडे सरकवला आणि गप्प बसला. मला वाटलं, विमान जायची वाट बघतोय. विमान गेलं. तरी गप्प. दुसरं आलं, तेही गेलं. मी इंग्लिशमध्ये म्हटलं, काढायचं असेल तर काढ, पण बोल. तो माझ्याकडे बघत राहिला, डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले.

मग माझा ताबा सुटला. उभी राहिले आणि मराठीत सुरू झाले. 'बोल ना! असा तोंड उघडं ठेवून गेलास, आणि आता हा पण गप्प! मी काय चुकीचं बोलले होते? सांग ना! रोज पहाटे उठून जाते मी, पाय दुखतात, कोण कोण काय काय बोलतं, आणि तरी हसते रे मी! खोटं नाही हसत!' खूप बोलले. मंदा कुठे संपली आणि मी कुठे सुरू झाले मला सांगता यायचं नाही. श्वास लागला तेव्हा थांबले. आता 'झालं' येईल म्हणून थांबले. कुणीच म्हणालं नाही. ते म्हणणारी खुर्ची रिकामी होती.

मग मला वाटलं, इथे कशाला थांबायचं? मंदाने आता काय करायचं? घरी जायचं. कोट घातला. पिशवी उचलली. दाराशी डेरेकने हात जरासा वर केला. कार पार्कमधून चालत निघाले तर मागे तन्वीची पावलं, तिचा फुंदण्याचा आवाज, पण पावलं थांबली नाहीत. स्टॉपवर उभी राहिले. बस आली, चढले, खिडकीशी बसले. खाली फुटपाथवर तन्वी, कॅमेरा खांद्यावर, बस वळेपर्यंत शूट करत होती.

पुढच्या स्टॉपच्या आत फोन वाजला. डेरेक. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी इतका वेळ बोलला. म्हणाला, आधी मी तुला काढणारच होतो, तसंच ठरलं होतं. पण त्या गुरुवारी श्री बसस्टॉपवरून थेट माझ्या दारात आला. म्हणाला, सगळं विसर. रविवारी एक शब्द बोलू नको. ती काय करेल ते करू दे, जाईल तिकडे जाऊ दे. तन्वीला सांग, ती दिसेनाशी होईपर्यंत कॅमेरा चालू. आणि कोणीही झालं म्हणायचं नाही, मीसुद्धा म्हणणार नाही. मी विचारलं, 'हसत होता की चिडला होता?' डेरेक म्हणाला, हसत होता. म्हणाला, तिचंच बरोबर आहे, पण तिला सांगू नको, डोक्यावर चढून बसेल.

मी बसमध्ये मोठ्याने रडले, श्री. लोकांनी बघितलं, बघू देत. एवढंच होतं तर फोन करायचा होतास. शुक्रवार अख्खा होता तुझ्याकडे. 'वैशाली, पटलं,' दोन शब्द! पण तू कसला करतोस. तू माझा चेहरा खरा यावा म्हणून थांबलास. गाढवा, थँक यू.

आता पिशवीत काय होतं ते. कॅमेऱ्याला ते दिसलं नाही, कुणालाच दिसणार नाही. पिक्चर बघून कुणीतरी तुझ्यासारखा म्हणेल, बिचारी, नोकरी गेली असेल हिची, कुठे चालली असेल एकटी. म्हणू दे. तुला म्हणून सांगते. डबाभर सांबारवडी होती. बसमध्येच डबा उघडला आणि एक खाल्ली. शेजारची बाई वासाने वळून बघायला लागली, तिच्यापुढे केला, तिनेही घेतली. कडक झाली होती रे वरून, आतून मऊ. तुझ्या आईने सांगितलेली, तशीच.

'झालं,' मी म्हटलं. शेजारच्या बाईला वाटलं डबा बंद करतेय, म्हणून तिने घाईने आणखी एक उचलली.